हिलालभाऊंची फटफटी आणि आमचा समुद्र

जळगावच्या माणसाला समुद्र पाहायची तहान लागली, तर त्यानं माठातलं ग्लासभर पाणी पिऊन कूस बदलून झोपावं, असं आज या वयात माझं ठाम मत आहे. तेव्हा नव्हतं. तेव्हा माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एका डाळमिलचं कॅलेंडर टांगलेलं होतं, आणि त्या कॅलेंडरवर समुद्र होता.

नोकरी पाटबंधारे खात्यात. म्हणजे जन्मभर लिहायचं ते पाण्याविषयीच. पाणी सोडले, पाणी बंद केले, पाणी मुरले, पाणी चोरीस गेले. एवढं पाणी मी कागदावरून वाहून नेलं, पण माझी बोटं कधी ओली झाली नाहीत. दुपारी जेवणानंतर पंख्याच्या वाऱ्यानं कॅलेंडरचं पान हलायचं आणि लाटा सुरू व्हायच्या. खोटं वाटेल, पण मला त्यांचा आवाज ऐकू यायचा. एकदा भर एप्रिलात एवढी मोठी लाट आली, की समोरच्या फायलीवरची शाई पसरली. आमचे हेडक्लार्क भिकन म्हणाले, घाम असेल. मी बोट चाटून पाहिलं. खारट होतं! वर्ष संपलं, कॅलेंडरचे सगळे महिने संपले, तरी मी ते उतरवलं नाही. महिने संपले म्हणून काय समुद्र संपतो?

दिवाळी झाली, कापसाच्या गाड्या शहरात यायला लागल्या आणि हवेत तो गोडसर गारवा आला, ज्यात माणूस काहीही बोलून बसतो. मी बोलून बसलो. संध्याकाळी ओट्यावर अख्खी गल्ली जमलेली असताना जाहीर केलं, "आम्ही समुद्र पाहायला चाललो आहोत. सुरतेच्या पुढे. फटफटीवरून. सपत्नीक."

समोरच्या ओट्यावरून उखर्डू आबांनी अडकित्ता थांबवला. उखर्डू आबा म्हणजे निवृत्त तलाठी. तालुक्यातला एकही बांध त्यांनी पाहायचा सोडला नव्हता आणि तालुक्याबाहेरचा एकही पाहिला नव्हता.

"रुपचंद, सुरतेला थेट रेल्वे आहे," ते म्हणाले. "सकाळी बसायचं, दुपारी उतरायचं. मध्ये शेंगा खायच्या."

आता यांना काय सांगायचं? रेल्वेतून समुद्राला जाणं म्हणजे बाजारात जाऊन समुद्र आणणं. माझ्या मनात चित्र वेगळं होतं. काळा गॉगल. छातीवर वारा. डांबरी रस्ता धोतराच्या काठासारखा पुढे पुढे उलगडतोय, दोन्ही बाजूंनी लिंबाची झाडं वाकून बघताहेत, आणि मागे आमच्या प्रमिलाबाई, त्यांचा पदर असा लांबच लांब उडतोय, की पाळधीला आम्ही पोचलो तरी पदराचं टोक गिरणेच्या पुलावरच.

"पदर उडाला तर चाकात जातो," प्रमिलाबाई आतून म्हणाल्या. "मी खोचून बसेन."

म्हणजे येणार होत्या. एवढं मला पुरेसं होतं.

पण हे उघड्यावर बोलणं महागात पडलं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीनं समुद्र ताब्यात घेतला. कोणीच तो पाहिलेला नसल्यामुळे प्रत्येकाला त्याची खडान्‌खडा माहिती होती. शेजारच्या इंदिराबाई म्हणाल्या, तिथल्या हवेत पापड मऊ पडतात, तेव्हा पापड नेऊ नका. आणि पलीकडचा काठ दिसतो का तेवढं नक्की बघून या. पाणी आहे म्हणजे पलीकडे काठ असणारच, लोक उगाच नाही म्हणतात. उखर्डू आबांनी आपल्या ओट्यावर कोळशानं नकाशा काढला. एरंडोलपर्यंत तो फार सुंदर होता. पारोळ्याला किल्ला काढला. धुळ्यानंतर कोळसा संपला. "पुढचं तुम्ही विचारत विचारत जा," म्हणाले. मग हळूच जवळ येऊन, "पण रुपचंद, गेला नाहीस तर काय? आख्ख्या जळगावला सांगून बसला आहेस. पाय ओले न करता परत आलास तर तुझा कोणताही शब्द या गल्लीत कोणी खरा मानणार नाही."

हे मला लागलं. माणसाकडे दुसरं असतं काय? आणि त्यातून माझ्यासारख्याकडे, ज्याच्या गोष्टी आधीच लोक निम्म्या करून ऐकतात.

ऑफिसात निराळीच तऱ्हा. रजेच्या अर्जात मी प्रामाणिकपणे लिहिलं: कारण, समुद्र पाहणे. साहेबांनी मला बोलावलं.

"समुद्र आपल्या विभागात येतो का?"

"नाही साहेब."

"त्याला कालवा आहे?"

"नसावा."

"मग आपल्या खात्याच्या माणसानं तो पाहण्याचं प्रयोजन काय?" आणि त्यांनी लाल पेन्सिलीनं समुद्राभोवती एक गोल काढला. माझा एवढा मोठा समुद्र त्या गोलात मावला, याचं मला फार वाईट वाटलं.

शेवटी भिकन हेडक्लार्कांनी तोड काढली. म्हणाले, "नाना, तुळशीची लग्नं झाली. या दिवसांत खान्देशात एकच कारण असं आहे, की त्याला कोणताही साहेब नाही म्हणत नाही. लिहा, सोयरिकीची बोलणी." मी म्हटलं, अहो, खोटं कसं लिहू? ते म्हणाले, "एवढी वर्षं पाणी सोडले म्हणून लिहिता, तेव्हा नळाकडे बघून येता का?" मी लिहिलं. साहेबांनी तिथंच सही केली, वर विचारलं, "मुलगी काय शिकलेली आहे?"

राहिली फटफटी. आमच्याकडे सायकल होती. गियरच्या गाडीचं लायसन्स मी तारुण्यात काढलं होतं, परीक्षेच्या मैदानावर इंग्रजी आठ काढायचा तो मराठी काढून. जळगावात भाड्यानं फटफटी देणारे एकच, हिलालभाऊ. नेरी नाक्याजवळ पत्र्याचं गॅरेज, आणि त्यात ती उभी होती. लाल. टाकीवरचं कंपनीचं नाव कधीच खरवडून गेलेलं, त्यामुळे ती कोणत्या जातीची हे कोणी सांगू शकत नव्हतं. आरशाला गोंडा, हँडलला झेंडूच्या वाळक्या माळेचा दोरा, आणि सीट एवढी लांब, की त्यावर एक कुटुंब बसून वर पानाचा डबा ठेवता यावा.

"कोणता रस्ता नाना?" हिलालभाऊंनी विचारलं.

"धुळ्याचा."

"मग काळजीच नको. तो रस्ता तिला पाठ आहे." त्यांनी टाकीवर म्हशीच्या पाठीवर फिरवावा तसा हात फिरवला. "हिनं आजवर कोणाला रिकाम्या हातानं परत आणलं नाही. फक्त एक सांगतो. वाटेत ती आपणहून उभी राहिली तर खाली उतरायचं नाही. बसून राहा, मान खाली घाला. तिचं मन झालं की निघेल. आणि रविवारी दिवेलागणीला मला गाडी परत पाहिजे, सोमवारी सावद्याचं बुकिंग आहे."

मला वाटलं, कारागीर माणूस, आपल्या यंत्राविषयी असं प्रेमानं बोलतो. मी चहा प्यालो आणि स्वप्नातच गाडी घरी आणली. ती कशी चालवली हे आठवत नाही. गल्लीतल्या डासांना मात्र आठवत असेल, कारण तिच्या धुरानं ते जे गेले ते उन्हाळ्यापर्यंत फिरकले नाहीत.

शनिवारी उजाडताना आम्ही निघालो. निघालो म्हणजे गल्लीनं आम्हाला काढलं. पोरांना इंदिराबाईंच्या हवाली केलं. औक्षण झालं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला. मी काळा गॉगल लावला आणि किक मारली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा मारली. मग गल्लीतल्या एकेका पुरुषानं पुढे होऊन आपापली किक मारून पाहिली, जसं काही गावाची वर्गणी होती. उखर्डू आबांनीही धोतर सावरून एक मारली. शेवटी सगळ्यांनी मिळून ढकललं आणि चौकात ती एकदम अशी गरजली, की भुसावळला एका मालगाडीच्या गार्डानं म्हणे हिरवी झेंडी दाखवली. गॉगल पुसायला म्हणून काढला होता, तो उखर्डू आबांच्या हातातच राहिला.

पण गिरणेच्या पुलावर आलो, आणि बोलता सोय नाही! पात्रातून धुकं निघत होतं. खाली पाणी कुठं होतं, कुठं नव्हतं, ते कळत नव्हतं. सूर्य अजून अर्धा लाजत होता. फटफटीचा आवाज धुक्यात गुंडाळला गेला आणि आम्ही दोघं जमिनीला न टेकता तरंगत चाललो. प्रमिलाबाईंनी हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण उघड्या रस्त्यावर असा हात पहिलाच. मी म्हटलं, "समुद्र असाच असेल." त्या म्हणाल्या, "समोर बघा, बैलगाडी आहे."

आणि एरंडोलच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या एका खेड्यात, एका घरासमोर फटफटी उभी राहिली. बंद पडली नाही हो, उभी राहिली. दूधवाल्याचा घोडा रतिबाच्या दारात राहतो तशी. वेग कमी केला, डावीकडे वळली, लिंबाच्या सावलीत गेली आणि श्वास सोडला. हिलालभाऊंचं बोलणं आठवेपर्यंत मी खाली उतरलो होतो.

घरातून एक फेटेवाले म्हातारे धावत आले. पुना आबा त्यांचं नाव, नंतर कळलं. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि आत ओरडले, "पाव्हना ऊनात! पानी लया! सतरंजी टाका!"

बाजेवर सतरंजी आली. तांब्या आला. मी म्हटलं, "आबा, गैरसमज होतोय. आम्ही समुद्र पाहायला निघालोय."

पुना आबांनी मांडीवर थाप मारली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "दखा, बहाना नवा शे! कोनी म्हनस बैल दखाले ऊनूत, कोनी म्हनस वांगानं बी लेवाले ऊनूत. समिंदर आजलोंग कोनी सांगा नही!"

मी प्रमिलाबाईंकडे पाहिलं. त्या धुळ्याकडच्या, त्यांना कधीच कळलं होतं. ओठ आवळून त्या हसू दाबत होत्या. आता वाचक परगावचा असेल तर सांगतो. आमच्याकडे मुलगी पाहायला जाणारा माणूस कधी पहिल्या झटक्यात मुलगी पाहायला आलो असं म्हणत नाही. तो बैल बघायला येतो, बियाणं मागायला येतो, पाणी प्यायला येतो. जितका जोरात तो नाही म्हणेल तितका घरच्यांचा विश्वास पक्का होतो. आणि हिलालभाऊंची ती लाल फटफटी! सगळा जिल्हा तिला ओळखत होता. मध्यस्थ मंडळी मोसमभर तीच भाड्यानं नेत. पुना आबांच्या मोठ्या मुलीचं त्याच गाडीवर जमलं होतं. गाडीला लग्नाच्या मुलींची घरं अशी पाठ झाली होती, की मालकाला सांगावंही लागत नव्हतं.

पोहे आले. वर मूठभर शेव. मग चहा घेऊन मान खाली घातलेली मुलगी आली. आणि आमच्या प्रमिलाबाई, ज्या समुद्रासाठी पदर खोचून निघाल्या होत्या, त्यांनी शांतपणे विचारलं, "नाव काय बेटा? स्वैपाक येतो?"

"अहो!" मी म्हटलं.

"पोहे खाल्ले ना? मग न विचारता उठणं बरं दिसत नाही," त्या म्हणाल्या.

उठताना जे म्हणायचं असतं ते म्हटलं. "कळवतो." लगेच फटफटी पहिल्या किकला सुरू झाली.

एरंडोलला ती एका मास्तरांच्या दारात उभी राहिली. पोहे. पुढे एका कापसाच्या जिनिंगजवळ. पोहे, त्यात शेंगदाणे जास्त. मी खाली उतरत नव्हतो, मान खाली घालून बसत होतो, पण मान खाली घातलेला पाहुणा म्हटल्यावर लोक आणखीच आग्रह करत. प्रत्येक ठिकाणी मी शपथेवर सांगितलं, की आम्हाला समुद्राला जायचंय, आणि प्रत्येक ठिकाणी घरमालक आपल्या कारभारणीला कोपरानं ढोसून म्हणाला, घराणं मोठं आहे. ऊन चढत गेलं. माझ्या पोटात पोह्यांचं धरण बांधून झालं. रस्ता पुढे चमकत होता, त्याच्या टोकाला पाण्यासारखं काहीतरी हलत होतं, आणि दर वेळी जवळ गेलं की तिथं कोणाचं तरी अंगण निघायचं.

पारोळ्याला कळस झाला. किल्ला दिसला, मनात म्हटलं, आता गाव ओलांडलं की सुटलो. पण गाडी वळली ती वना आबांच्या खळ्यात. कापसाचे ढीग पडलेले, टेम्पो भरणं चाललेलं, माणसंच माणसं. वना आबांची बहीण ताईबाई, दारातच बसलेली, चष्म्याला दोरा बांधलेली, तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मान मागं नेऊन पाहिलं. मग घरात निकाल सांगितला.

"नवरदेव थोडा थोराड शे. पन नोकरी सरकारी दिसस." आणि प्रमिलाबाईंकडे वळून, "तुम्ही मोठी बहीण ना?"

खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरं वाटलं. केसांवरून हात फिरवावा असंही वाटलं, फिरवला. तो फिरवायला नको होता.

"मी बायको शे यास्नी!" प्रमिलाबाई म्हणाल्या. त्या अहिराणीत आल्या की समजायचं, आता देवसुद्धा मध्ये पडणार नाही.

मग ताईबाई दोऱ्याचा चष्मा वर करत उठली. "बायकोले संगे लई ऊना? दुसरी कराले?" टेम्पोवरची माणसं खाली उतरायला लागली. एकाच्या हातात कापूस दाबायचा दांडा होता, आणि त्यानं तो कापसापासून बाजूला घेतला होता. मी म्हटलं, "समुद्र..." पण तो शब्द त्या वेळी इतका दुबळा वाटला, की ओठांवरच विरला.

वाचवलं प्रमिलाबाईंनी. पदर डोक्यावर घेऊन त्या बाजेवर अशा बसल्या, जसं काही लग्न त्याच लावणार. "पोऱ्या धुळ्याले शे," त्या म्हणाल्या. "मना भाऊना. भटू. सूतगिरणीमा पक्की नोकरी. मी आत्या. पोर दखाले मीच ऊनू." मग माझ्याकडे बोट केलं. "हाऊ आज तं नुसता गाडी हाकनारा."

ड्रायव्हर! पाटबंधारे खात्याचा वरिष्ठ लिपिक, ज्याच्या सहीशिवाय गिरणेचं पाणी हलत नाही, तो ड्रायव्हर. आत बायकांचं हसणं-बोलणं सुरू झालं, शेवंता नावाची ती मुलगी आली, पोहे झाले. आणि मला बाहेर, गाडीजवळ, कान तुटलेल्या कपात चहा मिळाला. तरी एका गोष्टीचं समाधान होतं. ड्रायव्हरला पोहे देत नाहीत.

आता "कळवतो" म्हणून निघायचं, एवढंच राहिलं होतं. पण प्रमिलाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे वेगळेच चमकत होते. "अहो, मुलगी सोन्यासारखी आहे. भटूला शोभेल अशी. वहिनी किती वर्षं शोधताहेत!" मी काही म्हणायच्या आत वना आबा मागून म्हणाले, कळवायचं काय त्यात, आत्ताच जाऊन पोऱ्या बघू. टेम्पोतला कापूस उतरवला, बायका चढल्या, प्रमिलाबाई ड्रायव्हरशेजारी केबिनमध्ये बसल्या. आणि माझ्या मागे, त्या लांब सीटवर, वना आबा.

तर असा मी धुळ्याच्या रस्त्याला लागलो. छातीवर वारा होता. दोन्ही बाजूंनी लिंबाची झाडं वाकून बघत होती. मागे लांबच लांब काहीतरी उडत होतं, ते वना आबांचं उपरणं. आणि ती फटफटी, मनासारखं झाल्यामुळे, धुळ्यापर्यंत एकदाही थांबली नाही.

मी मनात हिशेब केला. ड्रायव्हर आहोत, तेच बरं. ही मंडळी रात्री बोलत बसतील, आपण पहाटे निघू. नवापूरची टेकडी ओलांडली की उतारच उतार. दुपारी पाय पाण्यात, संध्याकाळपर्यंत परत. उशीर झाला तर हिलालभाऊंचे चार शब्द ऐकून घेऊ.

पण धुळ्यात मेहुण्याच्या दारात उतरलो आणि वहिनी, बेबाबाई, भाकरतुकडा घेऊन धावत आल्या. "या या, जावाईबापू!"

वना आबांचा चेहरा मी विसरणार नाही. ते फटफटीवरून उतरलेच नाहीत, गळून पडले. आत्याचा नवरा म्हणजे या घरचा जावई, हे त्यांच्या डोक्यात आत्ता शिरलं! आणि आपण त्यांना कान तुटलेल्या कपात चहा पाजला! त्यांनी रस्त्यातच माझे पाय धरले. मग जी माफी सुरू झाली, ती काही केल्या संपेना. मला खुर्ची आली, उशी आली, ताट आलं. माझा गेलेला मान परत आला तो असा व्याजासकट, की त्याखाली मी दबून गेलो. कारण घरचा जावई हजर असताना त्याच्याशिवाय बोलणी कशी होणार? रविवारी सकाळी मी हळूच म्हटलं, मी जरा जाऊन येतो. "जावाईबापू रागावले!" म्हणून पुन्हा पाय धरले. मुलगा-मुलगी बोलली, एकमेकांना आवडली, पण मोठ्यांचं एकमेकांना आवडणं लांबतच गेलं. सुपारी फुटली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

मी उठलो आणि कोणाला न सांगता चालत चालत सुरतेच्या रस्त्यावर गेलो. गावाबाहेर एक मैलाचा दगड होता, त्यावर सुरत लिहिलं होतं. त्याच्यावर बसलो. रस्ता पश्चिमेकडे गेला होता, अगदी सरळ, सोनेरी, रिकामा. वारा तिकडून येत होता. मी जीभ बाहेर काढून पाहिली. कसलीच चव नव्हती. उखर्डू आबांचा ओटा दिसायला लागला, ऑफिसचं कॅलेंडर दिसायला लागलं. एखादं माणूस आयुष्यभर थापा मारतं आणि एकदाच खरं बोलतं, आणि नेमकं तेच खोटं ठरतं. मला रडू येणार होतं, पण रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला म्हणून थांबलो.

प्रमिलाबाई शोधत आल्या. दगडावर जागा नव्हती, त्या शेजारी मातीत बसल्या. बराच वेळ आम्ही दोघं त्या रस्त्याकडे बघत राहिलो. सूर्य खाली गेला तसा रस्ता पिवळा झाला, मग तांबूस, मग त्याच्यावर कसलीतरी चमक हलायला लागली.

"तुमचा समुद्र राहिला," त्या म्हणाल्या.

"गल्लीला काय सांगू?"

"तुम्ही गप्प राहा. तुम्ही सांगितलं तर कोणालाच खरं वाटत नाही. मी बघते."

जळगावला पोचलो तेव्हा दिवे कधीच लागले होते. हिलालभाऊ रस्त्यात उभे होते. मी बोलायच्या आत त्यांनी आमच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि अभिमानानं म्हणाले, "जमलं ना?" उशिराबद्दल एक अक्षर नाही. आम्हाला घरी सोडायला स्वतः आले.

गल्ली जागीच होती. सगळे ओटे भरलेले. उखर्डू आबा माझा गॉगल लावून बसले होते, दिव्याखाली. "आला का रे दर्यावर्दी? भिजले पाय?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. प्रमिलाबाई ओट्यावर टेकल्या. इंदिराबाईंनी दिलेलं पाणी प्याल्या. भांडं खाली ठेवलं. त्या बाईनं उभ्या जन्मात कधी थाप मारली नव्हती. दूधवाल्यालाही पातळ दुधाला पातळच म्हणणारी.

"काय सांगू आबा," त्या म्हणाल्या. "आधी दिसतच नाही. आधी फक्त उजेड दिसतो. आपलं कापसाचं शेत फुटलं की पहाटे कसं दिसतं, तसा. मग कळतं, की हे सगळं हलतंय. कोणी हलवत नाही, वारा नाही, तरी हलतंय. आणि मग ते आपल्याकडे यायला लागतं. मला भीती वाटली. पण ते उंबऱ्यापर्यंत येतं, आपले पाय ओले करतं आणि काहीतरी विसरल्यासारखं माघारी जातं. पुन्हा येतं. दिवसभर येतं हो, कंटाळत नाही."

अडकित्ता थांबला होता.

"पलीकडचा काठ?" इंदिराबाईंनी हळूच विचारलं.

प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दूर कुठंतरी. "नाही दिसला," त्या म्हणाल्या. "पण आहे. पलीकडे कोणीतरी दिवे लावत होतं, एवढं कळलं."

उखर्डू आबांनी गॉगल काढला. डोळे पुसले. मी त्यांच्या शेजारी जागा करून बसलो आणि म्हटलं, "मग? पुढे काय झालं?" कारण मलाही ऐकायचं होतं. त्या सांगत गेल्या. पाण्याचा रंग, वाळूतली पावलं, मी कसा गुडघ्यापर्यंत आत गेलो आणि त्यांनी कसं ओरडून परत बोलावलं. माझ्या पोटऱ्यांना गार लागलं. खोटं सांगत नाही, मी वाकून पँटचे पाय पिळून पाहिले.

त्या दिवसापासून गल्लीत माझ्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही, आणि मी त्याचा जेवढा फायदा घ्यायचा तेवढा घेतला.

पुढे पुष्कळ वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, भटू आणि शेवंतानं आम्हाला त्यांच्या जीपमधून सुरतेला नेलं. आत्याला समुद्र दाखवायचा म्हणून. आम्ही किनाऱ्यावर उतरलो. ओहोटी होती. लांबवर काळसर वाळू पसरलेली, आणि तिच्याही पलीकडे, मान उंचावून पाहिलं तर, राखाडी पाण्याची एक रेघ. शेवंता म्हणाली, "आत्याबाई, हा बघा!"

प्रमिलाबाई बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनी कौतुकानं मान हलवली, शेवंताला वाईट वाटू नये म्हणून. मग माझ्या जवळ सरकल्या आणि समुद्राला ऐकू जाणार नाही अशा बेतानं माझ्या कानात म्हणाल्या,

"आपला मोठा होता, नाही?"

"खूपच," मी म्हटलं.